रिचार्ज संपल्यावर बॉक्सचे काय?

डीटीएचचा रिचार्ज संपला की पडदा काळा होतो आणि त्यावर कंपनीचा क्रमांक दिसू लागतो. पूर्वी बहुतेक घरांत त्याच दिवशी पैसे भरले जात. आता न भरणारी घरे वाढली आहेत. दूरसंचार नियामक ट्रायच्या आकड्यांनुसार २०२० च्या अखेरीस देशात सात कोटींच्या वर सक्रिय डीटीएच जोडण्या होत्या. मार्च २०२५ मध्ये त्या सहा कोटींच्याही खाली, पाच कोटी सत्तर लाखांच्या आत आल्या. म्हणजे सव्वा कोटीहून अधिक जोडण्या घटल्या. केबलची गळती वेगळीच. ही माणसे मोबाइलकडे गेली, स्मार्ट टीव्हीकडे गेली, फ्री डिशकडे गेली. त्यांचे बॉक्स मात्र टीव्हीखालच्या कप्प्यात किंवा माळ्यावर पडून आहेत, आणि छत्र्या गच्चीवर गंजत आहेत.

या बॉक्सचा पुढे काही उपयोग आहे का, हा प्रश्न प्रत्येक घरात एकदा तरी निघतो. केबलवाला ‘नाही’ म्हणतो, दुकानदार नवा बॉक्स दाखवतो, कस्टमर केअर जुनाच पॅक स्वस्तात देऊ करते. प्रश्नाचे पूर्ण उत्तर यांपैकी कोणीच देत नाही, कारण ते बॉक्सच्या जातीवर अवलंबून आहे आणि तो कोणत्या कागदावर घरात आला यावरही. शिवाय या प्रश्नात धोरणाचा एक मोठा भाग आहे. त्याकडे आपण ग्राहक म्हणून फारच कमी लक्ष दिले आहे.

आधी पडदा काळा का होतो ते पाहू. बॉक्स बिघडलेला नसतो. उपग्रहाचा सिग्नल सगळ्यांच्या छतांवर सारखाच पडतो. पैसे भरलेल्यांच्या आणि न भरलेल्यांच्याही. पण चित्र सांकेतिक रूपात येते. ते उलगडण्याची किल्ली दर काही सेकंदांनी बदलते, आणि ती किल्लीदेखील त्याच सिग्नलमधून, बंदिस्त स्वरूपात येत असते. ती उघडण्याचा अधिकार बॉक्समधल्या कार्डाला, किंवा कार्ड नसलेल्या बॉक्समध्ये थेट चिपला, ठरावीक मुदतीसाठी दिलेला असतो. आपण पैसे भरले की कंपनीच्या केंद्रातून आपल्या कार्डाच्या क्रमांकाने एक संदेश उपग्रहावर जातो आणि तिथून देशभर पसरतो. तो ओळखतो फक्त आपला बॉक्स. त्या वेळी बॉक्स बंद असेल तर संदेश हुकतो. म्हणूनच रिचार्जनंतर ‘बॉक्स चालू ठेवा, रिफ्रेश पाठवतो’ असे सांगतात. मुदत संपल्यावर नवा संदेश आला नाही, तर बॉक्सला किल्ली मिळत नाही. ट्यूनर, चित्र उलगडणारी चिप, एचडीएमआयचे तोंड, रिमोट, सगळे धडधाकट असते.

हे समजले की पुढचा प्रश्न आपोआप येतो. सशुल्क वाहिन्या बंद व्हाव्यात हे रास्त आहे. पण सह्याद्री का बंद व्हावी? दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या दाखवणे केबल आणि डीटीएच चालकांना बंधनकारक आहे, आणि त्या वाहिन्या प्रेक्षकाकडून शुल्क घेत नाहीत. पण केबल टेलिव्हिजन कायद्यात २०११ मध्ये जी दुरुस्ती झाली, तिने डिजिटल केबलवरून प्रत्येक वाहिनी सांकेतिक रूपातच पाठवायची असे ठरले. डीटीएच कंपन्याही आपला सारा गुच्छ असाच कुलूपबंद पाठवतात. त्यामुळे विनाशुल्क वाहिनीही सशुल्क दारामागे जाते. त्या दाराचे भाडे म्हणजे नेटवर्क कपॅसिटी फी. २०१९ च्या दररचनेत ती महिन्याला जास्तीत जास्त १३० रुपये अधिक जीएसटी अशी बांधली होती. २०२४ मध्ये ही कमाल मर्यादाच काढून टाकण्यात आली. ज्याला फक्त बातम्या आणि सह्याद्री पाहायची आहे, त्यालाही हे भाडे टळत नाही.

ब्रिटनमध्ये याच वळणावर वेगळे घडले. तिथे स्काय कंपनीचे बॉक्स घरोघरी होते आणि बीबीसीही त्यांच्याच सांकेतिक यंत्रणेतून जात असे. २००३ मध्ये बीबीसीने त्या यंत्रणेतून बाहेर पडून उपग्रहावरून खुला सिग्नल द्यायला सुरुवात केली. त्याच वर्षी आयटीव्हीनेही तेच केले. परिणाम असा झाला की स्कायची वर्गणी बंद केलेल्या माणसाचा जुना बॉक्स खुल्या वाहिन्या दाखवत राहिला. त्याला नवा बॉक्स घ्यावा लागला नाही. पुढे २००८ मध्ये फ्रीसॅट ही मोफत सेवा त्याच उपग्रहस्थानावरून सुरू झाली, त्यामुळे छत्री फिरवण्याचीही गरज उरली नाही. सार्वजनिक प्रसारकाने घेतलेल्या एका निर्णयाने लाखो बॉक्सचे आयुष्य वाढले. नंतर स्कायने बॉक्स विकण्याऐवजी उसने द्यायला सुरुवात केली; स्काय क्यू हा बॉक्स वर्गणी संपल्यावर परत करावा लागतो.

आपल्याकडे बॉक्स कोणाचा, हेच अनेकांना ठाऊक नसते. २०१२ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईत ॲनालॉग केबल बंद झाली, पुढच्या वर्षी पुणे, नागपूर, नाशिक, ठाणे, सोलापूर अशा शहरांची पाळी आली. त्या गडबडीत लोकांनी केबलवाला मागेल ते पैसे दिले आणि बॉक्स घेतला. पावती क्वचितच मिळाली. मिळाली तर तिच्यावर ‘बॉक्सची किंमत’ लिहिले होते की ‘अ‍ॅक्टिव्हेशन शुल्क’ की ‘अनामत’, यावर आज सारे ठरते. विकत घेतला असेल तर बॉक्स तुमचा. कंपनी तो परत मागू शकत नाही. अनामत भरली असेल तर बॉक्स परत देऊन ती रक्कम मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. ब्रॉडबँडबरोबर आलेले बॉक्स बहुधा या दुसऱ्या प्रकारात मोडतात. जिओफायबर २०१९ मध्ये सुरू झाले तेव्हा सुरुवातीला घेतल्या जाणाऱ्या अडीच हजारांतले दीड हजार परत मिळण्याजोगी अनामत होती. असा बॉक्स कनेक्शन बंद केल्यावर घरात ठेवून घेणे म्हणजे स्वतःच्या पैशांवर पाणी सोडणे. बॉक्स देताना पोच घ्यावी, त्यावर सिरियल क्रमांक लिहून घ्यावा. अनामत परत मिळाली नाही आणि कंपनीच्या तक्रार कक्षानेही दाद दिली नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग मोकळा असतो, आणि तिथे ही पोचच कामाला येते.

आता उपयोगाकडे येऊ. डीटीएचच्या साध्या बॉक्सचा, म्हणजे ज्यात इंटरनेट नाही त्याचा, वर्गणीशिवाय जवळजवळ काहीच उपयोग होत नाही. काही बॉक्समध्ये पेनड्राइव्ह लावून व्हिडिओ पाहता येतो, तेवढेच. हार्ड डिस्क असलेल्या रेकॉर्डर बॉक्सवर साठवलेले कार्यक्रमही सांकेतिक रूपातच असतात. डिस्क काढून संगणकाला लावली तरी ते उघडत नाहीत. पण छत्री, तिच्या तोंडाशी बसवलेला एलएनबी आणि खाली आलेली तार या तीन गोष्टी पूर्ण उपयोगाच्या आहेत, आणि लोक नेमक्या त्याच भंगारात देतात.

त्यांचा उपयोग डीडी फ्री डिशसाठी होतो. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेली ही सेवा महिन्याला एक पैसाही घेत नाही. ती आता चार कोटींहून अधिक घरांत पोचली आहे, असा या उद्योगाचा अंदाज आहे. तिचा सिग्नल ९३.५ अंश पूर्व रेखांशावरच्या जीसॅट-१५ उपग्रहावरून येतो. टाटा प्लेची छत्री ८३ अंशांवर रोखलेली असते. मुंबईतून हिशेब केला तर ती छत्री पूर्वेकडे सुमारे वीस अंश वळवावी लागते आणि सुमारे सात अंश खाली झुकवावी लागते. डिश टीव्हीचा मुख्य उपग्रह ९५ अंशांवर आहे, त्यामुळे तिथे छत्री थोडीच सरकवावी लागते. एलएनबीचा प्रकार जुळतो का, ते डिशवाल्याकडून पाहून घ्यावे. मग हजार-दीड हजारांत मिळणारा फ्री डिशचा बॉक्स लावला की काम झाले. जुना बॉक्स इथे चालत नाही. त्याचे सॉफ्टवेअर स्वतःच्या कंपनीचा उपग्रह सोडून दुसरीकडे पाहतच नाही. हार्डवेअर दोन्हींचे जवळपास एकच असताना हा नवा खर्च करावा लागतो, आणि माझा मुख्य आक्षेप इथेच आहे.

फ्री डिशवर मराठी माणसाला काय मिळते? सह्याद्री, दूरदर्शनच्या इतर वाहिन्या, बातम्या, आणि खासगी वाहिन्यांपैकी ज्यांनी लिलावात जागा घेतली त्या. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी या मालिकांच्या मोठ्या वाहिन्या तिथे नाहीत. खासगी वाहिन्यांची यादीही कायम राहत नाही. एप्रिल २०२२ मध्ये मोठ्या चार समूहांनी झी अनमोल, स्टार उत्सव, कलर्स रिश्ते, सोनी पल यांसारख्या हिंदी वाहिन्या फ्री डिशवरून काढून घेतल्या, तेव्हा खेड्यापाड्यांत अनेकांच्या संध्याकाळी रिकाम्या झाल्या. घरात कोणाला कोणती मालिका लागते ते आधी विचारून मगच छत्री फिरवावी. नाहीतर आठवड्याभरात पुन्हा रिचार्ज करावा लागतो.

दुसरी जात संकरित बॉक्सची. २०१९ च्या सप्टेंबरपासून काही महिन्यांत एअरटेल एक्स्ट्रीम, डिश स्मार्ट हब आणि टाटा स्काय बिंज प्लस असे बॉक्स बाजारात आले. त्यांच्या पोटात दोन यंत्रे असतात. एक उपग्रहाचे, दुसरे अँड्रॉइडचे. पहिल्याला वर्गणीची किल्ली लागते. दुसऱ्याला लागते ते फक्त वाय-फाय. तांत्रिकदृष्ट्या डीटीएचचा रिचार्ज संपला तरी यूट्यूब, किंवा ज्याची वर्गणी तुम्ही वेगळी भरली आहे असे कोणतेही ॲप चालायला हरकत नसते. प्रसार भारतीने २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्यात इफ्फीच्या उद्घाटनाला सुरू केलेले वेव्हज ॲप यासाठी चांगले आहे, कारण त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या थेट दिसतात. छत्री नसलेल्या घरात सह्याद्री पाहण्याचा हा सोपा मार्ग. पण अँड्रॉइडचा भाग उघडा ठेवायचा की रिचार्जच्या पडद्यामागे अडवायचा, हे कंपनीच्या सॉफ्टवेअरवर ठरते आणि अपडेटनिशी बदलू शकते. म्हणून असा बॉक्स घेताना दुकानदाराला एकच गोष्ट करून दाखवायला सांगावी: छत्रीची तार काढा आणि यूट्यूब लावा. वर्गणी संपवायच्या आधी घरीही हे करून पाहता येते.

तिसरी जात स्ट्रीमिंग स्टिकची. इथे स्थिती बरीच बरी आहे. एप्रिल २०१७ मध्ये भारतात आलेली ॲमेझॉनची फायर टीव्ही स्टिक प्राइमची वर्गणी थांबवली तरी चालू राहते. मोफत ॲमेझॉन खाते तेवढे लागते. प्राइमचे सिनेमे बंद होतात, बाकी ॲप चालतात. अनेक जण प्राइम रद्द केल्यावर स्टिकही काढून ठेवतात, ते अनाठायी आहे. मात्र वर्गणी नाही म्हणजे कंपनीवर अवलंबून राहणे संपले, असे समजू नये. मार्च २०२५ मध्ये जगभरच्या दुसऱ्या पिढीच्या क्रोमकास्ट एकाएकी चालेनाशा झाल्या. आतले एक डिजिटल प्रमाणपत्र दहा वर्षांची मुदत संपून बाद झाले होते. गूगलने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली म्हणून ती यंत्रे वाचली. कंपनीने हात झटकले असते, तर विकत घेतलेले आणि एकही रुपया थकलेला नसलेले यंत्र कायमचे निकामी झाले असते.

यंत्र विकत घेऊनही त्यावर आपली सत्ता नसणे, याची सर्वांत बोलकी कथा अमेरिकेतल्या टिवोची आहे. १९९९ मध्ये बाजारात आलेला हा रेकॉर्डर लिनक्सवर चालत होता, आणि लिनक्सच्या परवान्याप्रमाणे कंपनीने त्याचा सोर्स कोड लोकांना दिलाही. पण तो कोड बदलून पुन्हा बॉक्सवर चढवला तर बॉक्स तो चालवायला नकार देई. मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीला हे इतके लागले की २००७ मध्ये आलेल्या जीपीएल या परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीत घरगुती यंत्रांपुरते असे कुलूप घालण्याविरुद्ध खास कलमे घालण्यात आली. टिवो मासिक वर्गणीबरोबर ‘लाइफटाइम’ वर्गणीही विकत असे. ती मालकाच्या आयुष्याची नव्हे, त्या एका बॉक्सच्या आयुष्याची असे. बॉक्स गेला की वर्गणीही गेली. आणि वर्गणी नसली तर रेकॉर्डर म्हणून तो बॉक्स जवळपास कामाचा राहत नसे.

त्याच अमेरिकेने एक चांगला प्रयोगही केला होता. १९९६ च्या दूरसंचार कायद्यात, ग्राहकाला आपला बॉक्स खुल्या बाजारातून घेता यावा अशी तरतूद झाली. त्यातून केबलकार्ड निघाले: किल्ली एका छोट्या कार्डात, बॉक्स वेगळा. कंपनी बदलली की कार्ड बदलायचे, बॉक्स तोच. २००७ पासून केबल कंपन्यांनी स्वतःच्या बॉक्समध्येही हेच कार्ड वापरावे असा नियम झाला. कंपन्यांनी तो मनापासून कधीच पाळला नाही, कार्ड बसवायला ग्राहकांना हेलपाटे घालावे लागले, आणि २०२० मध्ये तिथल्या दूरसंचार नियामकाने, एफसीसीने, ते नियम रद्द केले. कल्पना बरोबर होती. अंमल करणाऱ्यांचे हित तिच्या विरुद्ध होते आणि नियामकाने शेवटपर्यंत जोर लावला नाही.

आपली कहाणीही याच वाटेने गेली आहे. डीटीएच परवान्याच्या अटींत बॉक्स एका कंपनीकडून दुसरीकडे चालावा अशी अपेक्षा सुरुवातीपासून होती. त्यासाठी बॉक्समध्ये एक खाच ठेवायची, तिच्यात दुसऱ्या कंपनीचे मॉड्यूल बसवायचे. पण ते मॉड्यूल जवळपास नव्या बॉक्सइतके महाग पडे, म्हणून ते कोणी घेतले नाही आणि कंपन्यांनीही सुचवले नाही. एप्रिल २०२० मध्ये ट्रायने स्पष्ट शिफारस केली: डीटीएचमध्ये डीटीएचचे आणि केबलमध्ये केबलचे बॉक्स एकमेकांकडे चाललेच पाहिजेत, किल्लीचे मॉड्यूल यूएसबीवर यावे, आणि टीव्ही संचांतही त्यासाठी सामाईक यूएसबी तोंड असावे. त्यासाठी युरोपात तयार झालेले मानकही तिने सुचवले. कंपन्यांचे म्हणणे होते की याने चोरी वाढेल आणि बॉक्स महाग होतील. चोरीची भीती मला पटत नाही, कारण किल्ली मॉड्यूलमध्ये कंपनीच्याच ताब्यात राहते. महागाईचा मुद्दा खरा आहे, पण तो पहिल्या खरेदीपुरता. आज कंपनी बदलताना प्रत्येक वेळी जो नवा बॉक्स घ्यावा लागतो, त्याच्यापुढे हा खर्च किरकोळ आहे. ही शिफारस आजही घराघरांत पोचलेली नाही. मोबाइलचा क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय देशभर जानेवारी २०११ पासून आहे. टीव्हीच्या बॉक्सला ती नाही.

याची किंमत काय असते ते एका कंपनीच्या ग्राहकांनी भोगले आहे. २०१८ मध्ये रिलायन्स बिग टीव्हीने मोठी जाहिरात केली होती: बॉक्स घ्या, पाच वर्षे विनाशुल्क वाहिन्या मोफत. मालकी बदलून इंडिपेंडंट टीव्ही झालेली ती सेवा २०१९ मध्येच बंद पडली. इथे वर्गणी ग्राहकाने संपवली नव्हती. बॉक्स दुसरीकडे चालण्याजोगे असते, तर त्या लोकांचे पैसे तरी पूर्ण बुडाले नसते.

काही तंत्रप्रेमी वाट स्वतः शोधतात. अ‍ॅमलॉजिक चिप असलेल्या अनेक अँड्रॉइड बॉक्सवर कोरइलेक ही मोफत प्रणाली चढवून त्यांचा उत्तम मीडिया प्लेअर करता येतो. घरातल्या डिस्कवरचे सिनेमे, जुनी नाटके, गाणी त्यावर छान चालतात. ज्या बॉक्सचा बूटलोडर कंपनीने कुलूपबंद केलेला असतो त्यांवर हे जमत नाही, आणि डीटीएच किंवा ब्रॉडबँड कंपन्यांचे बॉक्स बहुधा तसेच असतात. जमले तरी सशुल्क ॲपची उच्च दर्जाची चित्रे सहसा मिळत नाहीत, कारण त्यासाठी लागणारे प्रमाणीकरण मूळ सॉफ्टवेअरबरोबरच जाते. स्वतःच्या मालकीच्या बॉक्सवर हे जरूर करून पाहावे. अनामतीच्या बॉक्सला हात लावू नये.

धोक्याची वाट वेगळी आहे. वर्गणीला कंटाळलेल्या माणसाला ‘एकदाच पैसे भरा, आयुष्यभर सगळ्या वाहिन्या’ असा बॉक्स देऊ केला जातो. परदेशातल्या मराठी घरांत याचा मोह जास्त असतो; मराठी वाहिन्या तिथे अधिकृतपणे महाग पडतात आणि भारतीय किराणा दुकानांतही असे बॉक्स दिसतात. त्यावरच्या वाहिन्या बहुधा चोरीच्या असतात आणि एके दिवशी बंद होतात. पण त्याहून वाईट म्हणजे बॉक्सच्या पोटात काय आहे ते कळत नाही. २०२३ मध्ये टी९५ नावाने विकल्या जाणाऱ्या स्वस्त अँड्रॉइड बॉक्समध्ये कारखान्यातूनच घुसवलेले घातक सॉफ्टवेअर सापडले. जून २०२५ मध्ये एफबीआयने बॅडबॉक्स २.० या अशाच बाधित यंत्रांच्या जाळ्याबद्दल जाहीर इशारा दिला, आणि पुढच्याच महिन्यात गूगलने न्यायालयात सांगितले की प्रमाणित नसलेली एक कोटीहून अधिक यंत्रे या जाळ्यात ओढली गेली आहेत. असा बॉक्स तुमच्या घरच्या इंटरनेटवरून गुन्हेगारांची कामे करतो आणि संशय तुमच्या पत्त्यावर येतो. खोक्यावर गूगलच्या अँड्रॉइड टीव्हीचे प्रमाणपत्र नसेल, तर कितीही स्वस्त मिळाला तरी तो घरात आणू नये.

यातून बाहेर पडण्याची एक सरळ वाट कागदावर तयार आहे. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये आयएस १८११२ हे मानक काढले: टीव्हीतच उपग्रहाचा ट्यूनर असावा, छत्रीची तार थेट टीव्हीला लावावी आणि खुल्या वाहिन्या बॉक्सशिवाय दिसाव्यात. असे टीव्ही सर्रास मिळू लागले तर फ्री डिशसाठी वेगळा बॉक्स लागणार नाही, आणि खासगी कंपनीची वर्गणी हे घराला हवे तेव्हा जोडायचे आणि हवे तेव्हा सोडायचे काम होईल. पण तेवढ्याने जुन्या बॉक्सचा प्रश्न सुटत नाही. त्यासाठी सरकारने दोन गोष्टी बंधनकारक कराव्यात. डीटीएच आणि केबलवर दूरदर्शनच्या बंधनकारक वाहिन्यांना वर्गणीची किल्ली लागू नये. तसे झाले तर विकत घेतलेला कोणताही बॉक्स किमान सार्वजनिक वाहिन्या दाखवेल. आणि ग्राहकाने कायमची जोडणी तोडली की कंपनीने शेवटचे एक अपडेट पाठवून तो बॉक्स इतर उपग्रहांच्या खुल्या वाहिन्यांसाठी मोकळा करावा. दोन्हींना नवे हार्डवेअर लागत नाही.

तोवर जे बॉक्स खरोखर निकामी आहेत ते कचराकुंडीत टाकू नयेत. ई-कचरा व्यवस्थापनाचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि उत्पादकांवर पुनर्चक्रणाची जबाबदारी टाकतात. नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे, किंवा अनेक महापालिका जी ई-कचरा संकलन मोहीम घेतात तिथे ते द्यावेत. देण्याआधी अँड्रॉइड बॉक्समधून सगळी खाती लॉग आउट करून फॅक्टरी रीसेट करावा, डीटीएच बॉक्समधले कार्ड काढून घ्यावे आणि खाते बंद झाल्याचा संदेश कंपनीकडून मागून घ्यावा. छत्री आणि तार मात्र ठेवून द्यावी.